वीतभर हिस्सा

विषाने मेलेल्या मधमाशीची सोंड बाहेर असते. हे तुला माहीत आहे, दादा. अण्णांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी दाखवलं होतं, मोरव्याला, सत्यवती मावशीच्या वाडीत. वय होऊन मेलेली माशी पाय पोटाशी घेऊन गपचूप पडते. विष खाल्लेली जीभ काढून पडते, आपल्याला वेडावल्यासारखी.

शनिवारी सकाळी सगळ्या वेडावत होत्या.

पेट्यांसमोर अण्णांनी शहाबादी फरश्या टाकल्यात. त्या फरश्या दिसतच नव्हत्या. नुसता सडा. काही अजून जिवंत होत्या, पाठीवर पडून एका पंखावर गरगर फिरत होत्या. मी एक तळहातावर घेतली. ती चालायला गेली आणि पडली. पुन्हा चालायला गेली, पुन्हा पडली. मी तिला बोटाने चिरडलं. मग दुसरी. मग थांबले. किती जणींना चिरडणार?

आणि आत काम चालूच होतं! घर साफ ठेवायचं काम. जिवंत माश्या मेलेल्यांना ओढत दाराशी आणत होत्या, बाहेर ढकलत होत्या, आणि ढकलणाऱ्याच मधूनच कलंडत होत्या. मग त्यांना ओढायला दुसऱ्या.

सातही पेट्यांत हेच.

मी आधी ज्याच्यावर ओरडले तो तू नव्हतास,

तो विकी होता. सत्यवती मावशीचा नातू. बिचारा तोंडात ब्रश घेऊन नळावर उभा होता.

"विकी! काय मारलंस इकडे?"

"कुठे?"

"वाळवीचं औषध. तूच बोललेलास ना, वाडीत वाळवी लागलीय म्हणून?"

"बोललेलो. बोललो म्हणजे मारलं काय? मी तर जिमला जातो असंपण बोललेलो."

"खोटं बोलू नको!"

सत्यवती मावशी हातात कोयता घेऊन बाहेर आली. बोटांना बोंबलाचं पाणी. "काय गो, सकालच्या पारी कनाला वरडतंस माज्या पोरावर?"

"मावशी, माश्या मेल्या. सगळ्या पेट्यांच्या. यानेच काहीतरी फवारलंय."

"यानं? हा सोताचा टावेल उचलीत न्हाय, हा फवारनी करील?" तिने फरशीवर वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सरळ झाली ती माझ्याकडे तोंड करूनच. "तुज्या बापानं पेट्या ठेवल्या तवा तू चड्डीत मुतायचीस. माज्या म्हावऱ्यावर बसल्या, माज्या लेकाला चावल्या, कवा बोलली न्हाय मी. आनी तू माज्या दारात उभी ऱ्हाऊन आमाला मारेकरी म्हनतंस?"

मी माफी मागितली नाही. मला वेळ नव्हता, आणि माफी मागायला लागणारा आवाज माझ्याकडे शिल्लक नव्हता. मी सातही दारांना जाळी ठोकली, म्हणजे आतल्या तरी बाहेर जायच्या नाहीत. बाहेर गेलेल्या परत येत होत्या आणि जाळीवर आपटत होत्या. जड होत्या. पोट फुगलेलं. भरून येत होत्या सगळ्या, एकाच बाजूने, मिठागराकडून.

जानेवारी महिना. खाडीतले तिवर फुलायला अजून वेळ आहे. मग इतका मध कुठून?

मी एक रुमाल भरून मेलेल्या घेतल्या आणि घरी निघाले.

तू जेवत होतास

पूनम सागर सोसायटीतलं आपलं घर. मोरीत तुझा फवारणीचा पंप धुऊन उलटा ठेवलेला, त्यातून पाणी गळत होतं. आई तव्यावर भाकरी टाकत होती. अण्णा तुझ्या समोर बसले होते. तो पंप घरात आल्यापासून अण्णा तुझ्याशी सिलेंडर आणि लाइटबिल सोडून बोलत नाहीत, हे कोणी म्हणत नाही पण सगळ्यांना माहीत आहे. आणि त्या दिवशी तू बोलत होतास आणि ते ऐकत होते. म्हणून मी दारातच थांबले. मला वाटलं, चला, आज काहीतरी बरं होतंय.

"टॉवरवर दाराएवढं पोळं होतं, अण्णा. आग्या मोहोळाचं. एवढं मी बघितलं नव्हतं."

"धूर दिलास?"

"धूर कोण देतो आता? काल संध्याकाळी मारलं, सगळ्या आत बसल्यावर. पण अण्णा," तू भाकरी मोडायची थांबलास, "हिस्सा ठेवला हां. वरचा पट्टा. वीतभर. आजोबा ठेवायचे तसा."

अण्णा हसले.

मी पाहिलं, दादा. तू ते त्यांना द्यायला घेऊन आला होतास. लहान मूल शाळेतून काहीतरी चिकटवून आणतं तसं.

हिस्सा म्हणजे

आजोबा. तुळशीराम. मंडणगडच्या डोंगरात दोरावर लटकून आग्याची पोळी कापायचे. सगळं कापायचे नाहीत. कड्याला चिकटलेला वरचा वीतभर पट्टा मधासकट सोडायचे. माश्यांचा हिस्सा. गाव आपल्या माणसांना विहिरीवर चढू देत नव्हतं, पण मध घेत होतं. वरून ओतून घेत होतं, भांड्याला भांडं लागू न देता. बाटतं ते पाणी. मध बाटत नाही, गोड असतो ना! आणि अशा गावात राहून हा माणूस म्हणायचा, ज्याचं घर मोडलं त्याला उपाशी सोडायचं नाही.

अण्णा. सहादेव. भाईंदरच्या कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश. नखांतून ती काळी पूड कधी गेली नाही. सुट्टीच्या दिवशी त्याच हातांनी सातेरीच्या, त्या छोट्या पाळीव माश्यांच्या, पेट्या सांभाळायच्या. आधी चेण्याला, जंगलाच्या कडेला. तिथे लग्नाचे लॉन झाले, डीजे आला, माश्या पेट्या सोडून जायला लागल्या, मग मोरव्याला. प्रत्येक पेटीतली एक चौकट अण्णा कधीच काढत नाहीत. कितीही भरलेली असो. हिस्सा.

तू. प्रितम बी सोल्यूशन्स. मधमाशी, झुरळ, वाळवी, ढेकूण. एकाच कार्डावर. पाठीवर पंप. फवारलंस, मारलंस, पोळं कापलंस, खालचा भाग गोणीत भरलास. आणि मग

आणि मग तुला आजोबा आठवले.

"कुठला टॉवर?"

मी दारातून विचारलं.

"अगं, तू कधी आलीस? मिठागराच्या रस्त्यावरचा. नवा. अकरावा मजला. का?"

"मोरव्याहून किती लांब?"

तुला तेव्हाच कळलं. मी बघत होते. घास हातात तसाच राहिला. पण तू बोललास काय? "काय झालं?" असं बोललास. जणू मी सांगितलं नाही तर झालेलंच नसेल.

मी ताटाशेजारी रुमाल उघडला.

"ईऽ, ताटाजवळ काय ठेवतेस!" आई ओरडली. मग तिने पाहिलं काय आहे ते, आणि गॅस बंद केला.

अण्णांनी एक माशी चिमटीत धरली, उजेडाकडे नेली. सोंड पाहिली. खाली ठेवली. दुसरी घेतली.

"मी मोरव्याकडे वाऱ्यावरपण उडू दिलं नाही काही," तू म्हणालास. "खिडकीतून, नोझल जवळ धरून. आग्याच्या मेल्या फक्त. आपल्या कशा मरतील?"

"तू मारून नाही मेल्या. तू ठेवून मेल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे? तुला विचारायला लागतं म्हणजे? राखायला कोणी नसलेलं पोळं सातेरीला सापडलं की ती काय करते? अण्णांनी कोणाला शिकवलेलं? चाटते, पोटात भरते, घरी जाते आणि नाचून सगळ्यांना पत्ता सांगते. तू तिकडे विष लावलेला मध टांगून आलास, दादा. वीतभर. पाहुणचार केलास त्यांचा!"

"पायल, हळू," आई म्हणाली. "शेजारी ऐकतायत."

"ऐकू दे."

"मला काय माहीत होतं?" आता तू पण उठलास. "चांगल्यासाठीच केलं ना मी? आणि मी नाही गेलो तर दुसरा जातोच. वसईचा एक येतो, सगळ्या सोसायट्यांमध्ये त्याचाच नंबर आहे. तो काय करतो माहितेय? पत्रीने सगळं खरवडतो, स्लॅबपर्यंत. एक थेंब ठेवत नाही."

"त्याला बोलवलं असतं तर आपली एक माशी मेली नसती."

तू रुमालाकडे पाहिलंस.

"ऐकलंस ना? त्याला आजोबा नाहीत म्हणून तो बरा. त्याला काही येत नाही म्हणून तो बरा!"

"मग धूर देत बसू? मागच्या वर्षी दिला ना? तीनदा गेलो, तिसऱ्यांदा सेक्रेटरी हसला माझ्यावर. बोलला, भाई, अगरबत्ती लेके आया है क्या? हे घर तुझ्या मधाच्या बाटल्यांवर चालतं का गं? बोल ना. चालतं का?"

नाही चालत. हे खरं आहे, आणि खरं आहे म्हणून मला तुझं डोकं फोडावंसं वाटलं.

"मारायचं तर नीट मार," मी म्हटलं. "पूर्ण मार. उचल, घेऊन जा, विसर. मारून वर हात जोडायला कोणी सांगितलेलं?"



 



अण्णा उठले. हात धुतले. भाकरी अर्धीच होती. "वीतभर म्हणालास ना? एका हाताची की दोन?"

"एका."

"दोर घे. आणि ती पत्री. खरवडायची."

"अण्णा, सोमवारी जातो मी, शनिवारी सोसायटीत परमिशन मिळत..."

"त्या आत्ता चाटतायत," अण्णा म्हणाले.

वॉचमन

"फिर से? कल तो हो गया ना आपका काम."

"थोडा बाकी है भाई."

"ॲप पे एंट्री करो. फ्लॅट से ओटीपी आएगा."

ओटीपी आला नाही. अण्णा टॉवरच्या सावलीत उभे राहून वर बघत होते, कपाळावर हात धरून. मला अकराव्या मजल्यावर काही दिसत नव्हतं. त्यांना दिसत होतं की नव्हतं, माहीत नाही. मध्येच हवेत हात करून त्यांनी बोटाने एक रेघ दाखवली, मिठागरावरून वर, टॉवरकडे. "रस्ता पडलाय," म्हणाले. म्हणजे येजा चालू आहे. जाळी मी लावली तेव्हा हजारो बाहेर होत्या, त्या घरात जाता येत नाही म्हणून पुन्हा इकडेच येत होत्या, आणि जाळीच्या छिद्रांतून तोंडाला तोंड लावून आतल्यांना भरवत होत्या. मी दार बंद केलं होतं. त्यांनी खिडकीतून डबा दिला.

मी वॉचमनला जे बोलले ते इथे सांगत नाही. ओटीपी आला.

"थोडा क्यों रह गया?"

फ्लॅटवाली पूर्वी नावाची मुलगी. माझ्याच वयाची. कानात इअरफोन, कुठलीतरी मीटिंग म्यूट केलेली. वाईट नव्हती. पाणी विचारलं तिने. अण्णांनी दाराबाहेर चपला काढल्या तर म्हणाली, "अरे अंकल, चलेगा."

"भैया, कल पूरा नहीं हुआ क्या? सुबह से इतनी छोटी छोटी मक्खियां आ रही हैं. मैंने तो खिड़की ही नहीं खोली."

"थोड़ा रह गया था, मॅडम."

"पर थोड़ा क्यों रह गया? बाकी सब तो निकाला था ना आपने?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. साधा प्रश्न. आणि तू, अकराव्या मजल्यावर, खांद्यावर दोर, कमरेला पत्री, तू अण्णांकडे पाहिलंस. मी पण पाहिलं. मला वाटलं सांगशील. काहीतरी सांगशील, मोडक्या हिंदीत, डोंगर, आजोबा, काहीही. अर्धा तास आधी मी तुला त्याच गोष्टीसाठी फाडून खाल्लं होतं आणि तरी, दादा, तरी मला वाटत होतं की तू तिला सांगावंस.

"गलती से," तू म्हणालास.

तीन पिढ्या. दोन शब्द.

"हां बेटा," अण्णा म्हणाले. "गलती हुआ."

सकाळपासून मी विकीवर रागावले, तुझ्यावर रागावले, वॉचमनवर रागावले. ते सगळं फुटकळ होतं. खरा राग मला तिथे आला, त्या स्वच्छ पांढऱ्या टाइल्सवर, आणि तो कोणाच्या अंगावर टाकू ते मला कळेना. समोर ती मुलगी होती. तिने काही केलं नव्हतं. तिने पाणी आणलं होतं.

खिडकीबाहेर

दोराचं एक टोक बेडच्या पायाला, मधे अण्णांच्या कमरेला वेढा, दुसरं टोक तुझ्या कमरेला. तू एसीच्या जाळीवर उतरलास. मी खिडकीतून अर्धी बाहेर.

पट्टा तिथेच होता, छज्ज्याखाली. मधाने ओला, चकाकणारा. आणि तो मेणाचा पट्टा दिसतच नव्हता, इतक्या आपल्या सातेरी त्यावर बसलेल्या. शांत. कोणी कोणाला ढकलत नव्हतं. पंगतीत बसल्यासारख्या.

"अण्णा!" तू ओरडलास. "जिवंत आहेत. आपल्याच आहेत सगळ्या. झटकू? उडवून देऊ?"

अण्णांनी दोर मुठीत आणखी आवळला.

"अण्णा, झटकू का?"

"झटकलंस तर घरी जातील."

वारा होता. तुला ऐकू गेलं नाही असं तू दाखवलंस.

"पोट भरलंय त्यांचं," अण्णा मोठ्याने म्हणाले. "पिशवी लाव."

"सगळ्या?"

"बसल्यात तेवढ्या."

"अण्णा"

"लाव म्हणतो ना!"

मी अण्णांना इतक्या मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांचे दोन्ही हात दोरावर होते. एक माशी त्यांच्या भुवईवर बसून चावली, त्यांनी हात सोडला नाही.

तू पिशवी खालून लावलीस आणि पत्री चालवलीस. स्लॅबपर्यंत. तो आवाज, सिमेंटवर लोखंडाचा, अजून माझ्या दातांत आहे. पट्टा सुटला, माश्यांसकट पिशवीत पडला. मग तू ओल्या फडक्याने जागा पुसलीस. दोनदा पुसलीस. वसईचा माणूसही इतकं नीट करत नसेल. तू रडत होतास की डोळ्यांत घाम जात होता ते मला माहीत नाही आणि मला माहीत करून घ्यायचं नाही.

"अरे, ये तो शहद है!" पूर्वी माझ्या खांद्यावरून बघत होती. "ओरिजिनल वाला?"

"जहर है," मी म्हटलं.

तू पिशवी आत दिलीस. ती जड होती, गरम होती, आणि आतून वाजत होती. मी गाठ मारायला घेतली, गाठ सैल पडली.

"घट्ट बांध," अण्णा म्हणाले.

मी बांधली.

लिफ्टमध्ये एक माणूस कुत्रा घेऊन शिरला. कुत्रा पिशवीकडे बघून गुरगुरायला लागला. माणूस म्हणाला, "क्या है इसमें?" मी पिशवी पाठीमागे घेतली. तो चौथ्या मजल्यावर उतरला, बहुतेक त्याला तिथे जायचं नव्हतं.

वाडीत ऊन उतरलं तेव्हा

सत्यवती मावशी ओट्यावर बसली होती. "आता कोनावर वरडाया आलीस?"

"माझ्या भावावर."

"मंग वरड. मी बसलंय बगायला."

पण ओरडायला काही राहिलं नव्हतं. आम्ही झाकणं काढली. पाच पेट्यांत आवाज नव्हता. सहाव्या पेटीत मूठभर जिवंत होत्या, राणीभोवती गोळा झालेल्या. सातवी बरी होती. बरी म्हणजे अर्धी.

त्या दोन पेट्यांतला सगळा मध काढायचा होता. आजचा आणि जुना, कुठला कुठला कोण सांगणार? अण्णांनी सुरी घेतली. एकेक चौकट कापत गेले. शेवटच्या चौकटीशी, जी ते कधी काढत नाहीत, त्यांचा हात थांबला. मी सुरी त्यांच्या हातातून घेतली आणि तीही कापली. त्यांनी मला घेऊ दिली. यापेक्षा ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

विकीने न सांगता खड्डा खणला. मी त्याला "थँक्यू" म्हटलं. तो म्हणाला, "आता बोलू नको, सकाळचं अजून पचलं न्हाय." पिशवी, मध, मेण, फरशीवरचा सडा, सगळं त्यात गेलं.

मावशीने चुलीवर साखरेचा पाक करून दिला. तो बाटलीत भरून, बाटली उलटी करून पेटीत ठेवायची, थेंब थेंब पडेल अशी. मधाच्या घरात दुकानातली साखर. तू बाटली धरून उभा होतास आणि तुझा फोन वाजला.

तू आमच्याकडे पाहिलंस. मग उचललास.

"हां, बोलिए... हां, मधुमक्खी निकालते हैं... नहीं सर. मारते नहीं. धुआं देके निकालते हैं... तीन चार दिन लगेगा... नहीं, आज नहीं होगा..."

समोरून फोन कट झाला. तू तो थोडा वेळ कानाला तसाच धरलास. मग माझ्याकडे पाहिलंस, दादा. जेवताना अण्णांकडे पाहिलं होतंस तसंच.

काय हवं होतं तुला माझ्याकडून? त्या माणसाने लगेच दुसरा नंबर लावला असेल. वसईवाला एव्हाना पंपात पाणी भरत असेल. आणि पुढच्या महिन्यात लाइटबिल येईल, तेव्हा तू काय बोलशील ते मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नाही.

"बाटली सरळ धर," मी म्हटलं. "सांडतोयस."